गवताची पेंडी आणि बारा हजार श्लोक

यवतमाळात बसमधून जाताना लोकनायक बापूजी अणे महिला महाविद्यालयाची पाटी दिसली आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या दोन मुलींमध्ये छोटासा वाद झाला. बापूजी म्हणजे गांधीजीच, असे एकीचे म्हणणे. दुसरी जरा विचारी होती. तिच्या मते हे कुणी मोठे देणगीदार असणार, जागा त्यांनीच दिली असणार, नाहीतर कोण कुणाचे नाव देतो? मी चौतीस वर्षे बँकेत काढली आहेत. पाटीवरचे नाव आणि देणगीचा आकडा यांचे नाते मला चांगले ठाऊक आहे, त्यामुळे त्या मुलीचा तर्क मला अगदीच वेडगळ वाटला नाही. बापूजींचे देणे मात्र पैशाचे नव्हते. हे त्यांना सांगावे म्हणून मी पुढे वाकलो, तोवर त्यांचा थांबा आला. सांगायचे राहिले ते आज लिहितो आहे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीला झाला. त्या वेळी आपल्या जिल्ह्याचे नावच वणी होते. इंग्रजांच्या दप्तरात ते वूण असे लिहीत. ठाणे यवतमाळला आणि नाव वणीचे, असा तो कारभार होता. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून फेरमांडणी झाली, तेव्हा जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. निर्गुडेच्या काठची, रंगनाथ स्वामींच्या यात्रेची ही वणी तशी सीमेवरची. एका अंगाला चांदा, खाली तेलंगण. बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगू आणि गोंडीही कानावर पडावी असा तो मुलूख. अणे घराण्यात संस्कृत विद्येची परंपरा होती. मुलगा नागपूरला मॉरिस कॉलेजात गेला आणि १९०२ मध्ये बी. ए. झाला. पदवी कलकत्ता विद्यापीठाची, कारण नागपूरला स्वतःचे विद्यापीठ व्हायला अजून वीस-एकवीस वर्षे अवकाश होता. मग अमरावतीला काही वर्षे शाळेत शिक्षकी, दरम्यान कायद्याची परीक्षा, आणि १९०८ मध्ये यवतमाळला वकिली. वणीचा मुलगा यवतमाळचा झाला तो असा.

ते यवतमाळ डोळ्यांसमोर आणायला हवे. शतकाच्या आरंभी गावची वस्ती दहा हजारांच्या आसपास. कचेरी, तुरुंग, कापसाचा बाजार, सरकी वेगळी करणारे रेचे, आणि तो कापूस मूर्तिजापूरपर्यंत वाहून नेणारी अरुंद रुळांची गाडी, जिला पुढे सगळा वऱ्हाड शकुंतला म्हणू लागला. अशा गावात चार माणसे एकत्र यायची ती देवाच्या निमित्ताने. कीर्तन, पुराण, गणपती. टिळकांनी याच निमित्तांचा उपयोग कसा करून घेतला हे आपण शाळेत शिकतो, पण पुण्याबाहेर ते कसे घडले याचा आपण फारसा विचार करीत नाही. सरकारला सभा बंद करता येत होती, वर्तमानपत्र जप्त करता येत होते. गीतेवरचे प्रवचन बंद करणे जड जात होते. त्यासाठी गावोगाव असा एक माणूस लागे, जो गीतेवर बोलू शकेल आणि फौजदारी कायद्यावरही. ज्याला शास्त्री आपला मानतील आणि शेतकरीही. वऱ्हाडात अशी माणसे होती. त्यांतले अणे हे पहिल्या रांगेतले.

ज्या वर्षी त्यांनी वकिली सुरू केली त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेण्यात आले. अठ्ठावीस वर्षांच्या नव्या वकिलाने अशा वेळी गप्प बसून अशिलांची वाट पाहणे शहाणपणाचे ठरले असते. अण्यांनी यवतमाळच्या हरिकिशोर पत्रात लेखन केले आणि त्यापायी काही काळ वकिलीची सनदच गमावली. पुढे १९१६ मध्ये त्यांनी यवतमाळ जिल्हा असोसिएशन उभी केली, होमरूलच्या चळवळीत उपाध्यक्षपद सांभाळले, आणि १९२१ ते १९३० या काळात विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिले. मध्यवर्ती कायदेमंडळातही ते निवडून गेले. लोक त्यांना लोकनायक म्हणू लागले. आज हे विशेषण आपण जयप्रकाशांना लावतो. वऱ्हाडात ते त्याच्या कितीतरी आधी अण्यांच्या नावाला चिकटलेले होते.

१९२८ मध्ये ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष बापूजी होते. त्यांच्या नावावर कादंबरी नव्हती, काव्यसंग्रह नव्हता, नाटक नव्हते. त्यांच्या आदल्या वर्षीचे अध्यक्ष श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, पुढच्या वर्षीचे शिवराम महादेव परांजपे. मध्ये हे यवतमाळचे वकील. मी स्वतः कादंबरीकार असल्याने या निवडीकडे थोडे तिरकस नजरेने पाहिले होते, हे कबूल करतो. पण त्या पिढीची साहित्याची व्याख्या आपल्यापेक्षा ऐसपैस होती. भाषेचा व्यवहार चार भिंतींबाहेर, मैदानात, हजारो माणसांपुढे जो करतो तोही साहित्याचाच माणूस, असे ती मानत होती. बोललेला शब्द हवेत विरतो, म्हणून त्याची किंमत छापलेल्या शब्दापेक्षा कमी, हा हिशेब आपल्या काळातला.

दोनच वर्षांनी या संमेलनाध्यक्षाच्या हातात विळा आला.

१९३० च्या एप्रिलात गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडापुढे प्रश्न पडला, आपण काय उचलायचे? समुद्र शेकडो मैल दूर. अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून सत्याग्रह झाला खरा, पण यवतमाळच्या शेतकऱ्याला रोज बोचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. सरकारने सागवानाची राने राखीव केली, त्यांत गुरे चारायला पैसे, गवत कापायला परवाना, सरपणाला बंदी. ज्या रानात आजा-पणजांची गुरे चरली त्याच रानात नातू चोर ठरत होता. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापले. पन्नाशीला आलेला, संस्कृतात रमणारा, दिल्लीच्या कायदेमंडळात बसलेला हा गृहस्थ ओल्या रानात वाकून विळ्याने पेंडी कापतो, हे दृश्य लोकांना मिठाच्या चिमटीपेक्षा लवकर कळले. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह करून तुरुंग पत्करला. वऱ्हाड-मध्यप्रांतात मग जागोजाग विळे निघाले.

पुसदच्या शाखेत मी काही वर्षे होतो. पीककर्जासाठी येणारा एक म्हातारा शेतकरी सही करण्याआधी नेहमी थोडा वेळ गप्पा मारी. लहानपणी आपल्या बापाच्या खांद्यावर बसून आपण ती गर्दी पाहिली, असे तो सांगायचा. गवत थोडे आणि हात फार, अशी तिथे अवस्था होती म्हणे. त्याच्या बोलण्यात देशाचे स्वातंत्र्य फारसे यायचे नाही, त्या दिवसानंतर गावच्या माणसांना जंगल शिपायाची भीती वाटेनाशी झाली, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. मी त्याचे फॉर्म भरीत ऐकत असे. आज वाटते, ते लिहून ठेवायला हवे होते.

सोप्या चरित्राचा नायक इथे थांबला असता. बापूजी थांबले नाहीत, आणि त्यांच्या आयुष्यातले अवघड भाग पुढेच आहेत. १९३३ मध्ये मोठे पुढारी तुरुंगात असताना काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एका वर्षात ते काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध उभे राहिले. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने ना स्वीकार ना धिक्कार अशी भूमिका घेतली, ती मदनमोहन मालवीयांना आणि अण्यांना पटली नाही. १९३४ मध्ये दोघांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. ज्या संघटनेचे अध्यक्षपद काल भूषवले तिच्याविरुद्ध आज निवडणूक लढवायची, हे त्या काळात सोपे नव्हते. मात्र गांधीजींविषयीची त्यांची आदरबुद्धी या भांडणात आटली नाही. मत पटत नाही म्हणून माणूस टाकायचा नसतो, हे त्यांना पाळता येत होते. आपल्याकडे हे सभेत बोलतात पुष्कळ, करतात थोडे.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला आणि त्यात बापूजींनी जागा घेतली. खाते प्रवासी भारतीयांचे. महायुद्धाच्या काळात सरकारात राहून काही करता येईल, असा त्यांचा विचार होता. प्रतिसहकारवाद्यांचा जुना पिंडच तो. टिळकांचा शिष्य व्हाइसरॉयच्या टेबलाशी बसला म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. पण खरी परीक्षा पुढे होती.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटले. चिमूर म्हणजे चांदा जिल्ह्यातले, वणीपासून फार लांब नसलेले, बापूजींच्या ओळखीच्या मुलखातले गाव. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, मग लष्कर आले, आणि त्यानंतर तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी थेट दिल्लीला गेले. कुणाच्या दारात? अण्यांच्या. वऱ्हाडचा माणूस सरकारात बसला आहे, त्याने चिमूरला येऊन पाहावे, नाहीतर जागा सोडावी, एवढी सरळ मागणी. बापूजींनी आपली अडचण सांगितली. ते चिमूरला गेले नाहीत. १ नोव्हेंबरला भणसाळींनी त्यांच्याच बंगल्यावर उपवास आरंभला. पोलिसांनी त्यांना उचलून परत धाडले. उपवास पुढे एकूण ६३ दिवस चालला आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटला.

या प्रसंगावर बापूजींच्या गौरवपर लेखनात सहसा एखादी ओळ असते, किंवा तीही नसते. मला मात्र यावरून लवकर पुढे जाता येत नाही. पुसदच्या रानात कायदा मोडणारा माणूस, दारात एक कृश शिक्षक उपाशी बसला असता, सरकारी शिस्तीच्या आत राहिला. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे आहे: चौकशी हे त्यांच्या खात्याचे काम नव्हते, मंडळात ते एकटे होते, युद्ध चालू होते. हे सगळे खरे मानूनही मन निवत नाही. मी आयुष्यभर वरिष्ठांची परिपत्रके पाळली आहेत. माझ्या खात्यात हे बसत नाही, हे वाक्य मी काउंटरच्या आतून किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब नाही. म्हणूनच कदाचित तो बंगला आणि ते दार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

महिनाभरातच दुसरा उपवास आला. १० फेब्रुवारी १९४३ पासून आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. १७ फेब्रुवारीला होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर बापूजींनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात जे पाऊल उचलले गेले नाही ते फेब्रुवारीत उचलले गेले. उशिरा उचलले म्हणून ते खोटे ठरत नाही, आणि उचलले म्हणून नोव्हेंबर पुसला जात नाही. त्याच वर्षी ऑगस्टात ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले, तेव्हा टीकाकारांना आणखी एक संधी मिळाली. तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्या भारतीय मजुरांचे प्रश्न मोठे होते आणि बापूजी १९४७ पर्यंत तिथेच राहिले.

पुढचा भाग मानाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. घटना समितीचे सदस्यत्व, आणि जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपालपद. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५१ मध्ये, दरभंग्याला संस्कृत विद्येच्या संशोधनाची संस्था आणि नालंद्याला पाली व बौद्ध विद्येचे नवे महाविहार सुरू झाले. वणीच्या संस्कृत पंडिताला पाटण्याच्या राजभवनात याहून आवडती घटना कोणती असेल?

राज्यपालपदानंतर माणसे आत्मचरित्र लिहितात आणि विश्रांती घेतात. बापूजी विदर्भाच्या वेगळ्या राज्याची बाजू घेऊन मैदानात उतरले. १९५९ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेची पोटनिवडणूक जिंकली, तेव्हा ते ऐंशीला टेकले होते. १९६२ मध्ये पुन्हा जिंकले. संयुक्त महाराष्ट्र होऊन गेला होता, वारा उलट होता, तरी बोलायचे ते बोलत राहिले. त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी २०१६ मध्ये याच विषयावरच्या वक्तव्यांवरून राज्याच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला, तेव्हा आमच्याकडच्या जुन्या माणसांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. विदर्भाच्या प्रश्नावर माझे मत काय, हे या लेखात कुणी शोधू नये. माझ्या घरातच त्यावर तीन मते आहेत.

आणि याच सगळ्या धावपळीत, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, ते एक काव्य लिहीत होते. टिळकांचे चरित्र, संस्कृतात, श्लोकबद्ध. नाव तिलकयशोऽर्णव, म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. म्हणून प्रकरणांना तरंग म्हटले आहे. श्लोकांची संख्या बारा हजारांच्या घरात. रामायणाचे श्लोक चोवीस हजार मानतात, तर हा त्याचा निम्मा पसारा! ज्यांच्या शिक्षेच्या वर्षी आपण वकिली सुरू केली, त्यांच्यासाठी पन्नास वर्षांनी एवढा ग्रंथ, तोही अशा भाषेत की जिचा वाचक रोज कमी होतो आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी त्यातले काही तरंग वाचले. सलग वाचले असे म्हणण्याचे धाडस करणार नाही. पण खटला, कायदेमंडळ, वर्तमानपत्र असल्या अगदी आधुनिक गोष्टी अनुष्टुभासारख्या छंदात बसवताना हा म्हातारा मनातून हसत असेल, असे वाटत राहिले.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुण्यतिथी प्रजासत्ताकदिनी येत असल्याने ती झेंडावंदनात आणि जिलेबीत झाकली जाते. काव्याचे तीन खंड त्यांच्या पश्चात छापले गेले, आणि १९७३ मध्ये त्याला संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१९७३ हे साल मी विसरू शकत नाही, ते वेगळ्या कारणाने. त्याच वर्षी यवतमाळला एकोणपन्नासावे मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. मी नववीत होतो. गीतरामायण लिहिणारा माणूस दिसतो तरी कसा, हे पाहायला मामाने मला नेले होते. मला दिसली ती माणसांची डोकी. मामाने खांद्यावर घ्यायचे माझे वय उरले नव्हते, म्हणून मी मांडवाच्या एका बांबूला धरून टाचा उंचावत राहिलो. परतताना मामा म्हणाला की या गावचा एक माणूस फार पूर्वी अशाच संमेलनाचा अध्यक्ष होता. मला ते तेव्हा खरे वाटले नाही. लेखक पुण्या-मुंबईला असतात, आमच्याकडे कापूस असतो, अशी माझी समजूत होती.

नंतर ४६ वर्षांनी, ११ ते १३ जानेवारी २०१९ ला, संमेलन पुन्हा यवतमाळला आले. ब्याण्णवावे. अध्यक्ष डॉ. अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते, आणि विरोधाचे सूर उठताच ते निमंत्रण मागे घेण्यात आले. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असे काहींचे म्हणणे. तिथे ती सरकारविरुद्ध बोलेल, ही काहींची भीती. महामंडळाच्या अध्यक्षांनी पद सोडले, अनेक लेखकांनी येण्याचे नाकारले, संमेलनाध्यक्षांनी व्यासपीठावरूनच नापसंती सांगितली. उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हातून. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेती आणि घर ओढणाऱ्या या बाईने जे सांगितले ते ऐकताना मांडव शांत झाला होता. सहगल यांचे न झालेले भाषण छापून घरोघर पोचले ते वेगळेच.

त्या तीन दिवसांत मला बापूजी पुन्हा पुन्हा आठवले. सनातनी वळणाचा हा माणूस, सहगल यांच्याशी त्यांचे कितपत जमले असते कोण जाणे! त्या तर नेहरूंच्या भाची, आणि नेहरूंच्या पक्षाविरुद्ध बापूजी दोनदा निवडून आलेले. पण बोलावलेल्या पाहुणीला येऊ नका म्हणून कळवण्याची कल्पना त्यांना कशी वाटली असती, हे ताडायला मला फार कष्ट पडले नाहीत. त्यांनी बहुधा तिचे भाषण पूर्ण ऐकले असते, आणि नंतर उठून तासभर खंडन केले असते. संस्कृत अवतरणांसह.

शेवटच्या दिवशी दुपारी मी ग्रंथप्रदर्शनात गेलो. गर्दी चांगली होती. पाककृती, स्पर्धा परीक्षा आणि चरित्रे यांच्या गाळ्यांवर उभे राहायला जागा नव्हती. एका गाळ्यावरच्या पोराला मी तिलकयशोऽर्णव आहे का म्हणून विचारले. त्याने नाव दोनदा उच्चारायला लावले, संगणकात घालून पाहिले, मिळाले नाही. पोरगा मनमिळाऊ होता. मागवून देता येईल का पाहतो म्हणाला, आणि वहीत नोंद करता करता त्याने विचारले, लेखक कुठले?

मी म्हणालो, इथलेच.